दोरीचं दुसरं टोक

मोहियोद्दीन मिस्त्री कमी बोलायचे आणि मी लई बोलतो, सगळा घोळ तिथंच झाला. माझं तोंड सुटलं की मला आवरत नाही, हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. माझी बायको आशाबाई म्हणते, उचलली जीभ अन् लावली टाळ्याला. तीस वर्षं झाली, म्हणतेच आहे. तिचं ऐकलं असतं तर आज हे सांगायची पाळी आली नसती.

मी रामकिसन. खुलताबादच्या घाटाखाली आमचं गाव, घरची थोडी जमीन आणि वीस वर्षांपासून एक पिकअप. जाताना गावाची अद्रक शहरात जाधववाडीच्या मार्केटला टाकायची, येताना दुकानदारांच्या खताच्या गोण्या भरायच्या, हा माझा धंदा. त्या खतानंच गाडीचा घात केला. वरून रंग मारून गाडी झकास दिसायची, पण खाली चासी कुजत होती. चासी म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा. दोन लांब पट्ट्या, त्यांना जोडणारे आडवे दांडे, आणि त्यावर इंजिन, केबिन, बॉडी असं सगळं बसलेलं. गोण्यांतून गळणाऱ्या युरियाच्या पाण्यानं तिचा पार पापड झाला होता. एक दिवस पंक्चर काढायला जॅक लावला, तर गाडी उचलायच्या ऐवजी जॅकच चासीत घुसला.

ज्यानं त्यानं सांगितलं, भंगारात घाला. माझा पोरगा इंद्रजीत नव्या गाडीचे फोटो मोबाइलवर दाखवायला लागला. माझं डोकं फिरलं. इंजिन ठणठणीत, एका हाकेला सुरू होणारं, आणि नुसतं खालचं लोखंड गेलं म्हणून सगळी गाडी फेकून द्यायची? मी म्हणलं, चासी नवी बसवीन पण हीच गाडी चालवीन. त्या मॉडेलची चासी कंपनीत मिळत नव्हती. मार्केटमध्ये कुणीतरी म्हणलं, उस्मानपुऱ्यात मोहियोद्दीन मिस्त्री आहे, तो मापावरून चासी बनवून देतो. आरटीओची परवानगी, नंबराचे कागद, ते सगळं इंद्रजीतनं धावपळ करून आणलं आणि गाडी टोचन लावून मी उस्मानपुऱ्यात नेली.

आता मिस्त्रींचं सांगतो. पासष्टीचा माणूस, अंगानं काटकुळा, दाढी पांढरी, आणि खिशात कायम खडू. त्यांचे वडील शहागंजात टांगे बनवायचे. टांग्याचं चाक आडवं धरून एक डोळा मिटायचा आणि लाकूड कुठं चुकलंय ते सांगायचं, हे पोरगं तिथं शिकलं. टांगे बंद पडले, मग मोहियोद्दीन ट्रकची बॉडी बांधणाऱ्यांच्या हाताखाली गेले, आणि पुढं उस्मानपुऱ्याच्या आतल्या गल्लीत स्वतःची पत्र्याची शेड टाकली. त्या शेडमध्ये त्यांची खरी इस्टेट होती. भंगाराच्या लिलावातून आणलेले रेल्वेचे दोन रूळ. ते त्यांनी काँक्रीटमध्ये पक्के बसवले होते, पाण्याच्या नळीनं लेव्हल काढून काढून. आठ दिवस लागले होते म्हणे त्या लेव्हलला. त्या रुळांना ते पलंग म्हणायचे. गाडी पलंगावर झोपल्याशिवाय तिची कंबर सरळ होत नाय, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. शहरातल्या कितीतरी पाण्याच्या टँकरच्या चासी त्या पलंगावरून उतरलेल्या होत्या.

त्यांचं काम बघायला मला मनापासून आवडायचं, हे खरंच सांगतो. नवी पट्टी रुळावर ठेवली की ते गुडघ्यावर बसायचे, हनुवटी लोखंडाला टेकवायचे, डावा डोळा मिटायचे. बराच वेळ काहीच नाही. मग म्हणायचे, एक सूत उजवीकडं. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, माझ्यासारख्याला तो डोळ्यानं काय दिसणार? पण मोजपट्टी लावून बघितलं की बरोबर एक सूत निघायचं. मी तीन वेळा तपासलं, मुद्दाम. तिसऱ्या वेळी ते हसले आणि म्हणाले, लोखंड झूट बोलत नाय, भाऊ. बघणारा घाई करतो.

आणि त्यांची एक रीत होती. चासी पक्की वेल्डिंग करायच्या आधी तिचं कोनाकोनी माप घ्यायचं. पुढच्या डाव्या कोपऱ्यापासून मागच्या उजव्यापर्यंत मेण लावलेली दोरी ताणायची, मग पुढच्या उजव्यापासून मागच्या डाव्यापर्यंत. दोन्ही मापं सारखी आली तर चासी काटकोनात, नायतर तिरकी. ह्या मापाला दोरीचं दुसरं टोक गाडीच्या मालकानं धरायचं. हाताखाली माणूस असला तरी मालकानंच. वडिलांपासून चालत आलेलं होतं ते. मालकाचा हात लागला की काम दोघांचं झालं, मग उद्या बोलायला जागा नाय, असं ते म्हणायचे. चाळीस वर्षांत एकाही मालकाचा हात चुकला नव्हता.

संक्रांतीच्या चार दिवस आधी माझी चासी त्या मापाला आली. पट्ट्या, दांडे सगळं टाके मारून उभं केलेलं, फक्त पक्कं करायचं बाकी. मिस्त्रींनी आधी नजरेनं बघितलं आणि खुशीत मान हलवली. मग मला मागच्या बाजूला बसवलं. पाटे, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगा, अडकवायच्या ब्रॅकेटला दोन-दोन भोकं होती, एकमेकांपासून पाऊण इंचावर. आतल्या भोकावर दोरी धरायची, दोन्ही वेळेला, असं त्यांनी खडूनं खूण करून दाखवलं. पहिलं माप झालं. मी दुसऱ्या कोपऱ्याला गेलो आणि नेमका मार्केटमधून अडत्याचा फोन आला. अद्रकीचा भाव पडला होता आणि तो मला शहाणपण शिकवत होता. मी एका हातानं फोन कानाला लावून त्याच्याशी भांडत होतो, दुसऱ्या हातानं दोरी धरली होती. कोणत्या भोकावर, ते मी बघितलंच नाही.

माप सहा सुतांनी चुकलं. मिस्त्री चक्रावले. परत हनुवटी टेकवून बघितलं, इकडून बघितलं, तिकडून बघितलं. डोळ्याला तर बरोबर दिसतेय, म्हणाले. मग मला विचारलं,

"रामकिसनभाऊ, दोरी नीट धरलीय ना?"

फोन चालूच होता. मी मान वर न करता म्हणलं, "व्हय, व्हय, नीटच धरलीय. तुमच्या चष्म्याचा नंबर वाढला असंल, मिस्त्री."

तिथं वेल्डिंगवाला होता, तो हसला. मीही हसलो. मिस्त्री हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला, परत घातला, आणि जॅक लावून एक पट्टी सरकवायला घेतली. दोरीची दोन्ही मापं जुळेपर्यंत सरकवली. म्हणजे जी चासी त्यांच्या नजरेनं काटकोनात उभी केली होती, ती माझ्या हातावर विश्वास ठेवून त्यांनी स्वतः तिरकी केली. वेल्डिंग झाल्यावरही ते लांब उभे राहून बघत होते. खटकतंय, एवढंच बोलले. मला संक्रांतीला गाडी हवी होती. मी म्हणलं, चला, आता तिळगूळ खा आणि गोड बोला.

गाडी रस्त्यावर आली आणि पंधरा दिवसांतच रंग दाखवायला लागली. सरळ चालवली तरी अंग तिरकं टाकून चालायची, स्टीअरिंग सारखं उजवीकडं दाबून धरायला लागायचं. होळीपर्यंत मागचे दोन नवे टायर एका बाजूनं साफ झाले. होळीच्या दुसऱ्या दिवशी घाटात गाडी वळणावर बाहेर ओढली गेली आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. घाट उतरलो तो सरळ उस्मानपुऱ्यात.

मिस्त्री गल्लीच्या तोंडावर हॉटेलात चहा पीत बसले होते. भोवती त्यांचेच धंदेवाले, पाटेवाले, रेडिएटरवाले, आठ-दहा माणसं. मी गाडीतून उतरलो आणि सुरू झालो. काय काय बोललो ते सगळं सांगत नाही, मला लाज वाटते. मिस्त्री शांतपणे म्हणाले, गाडी पलंगावर घ्या, परत माप घेऊ. हीच ती घडी होती. गाडी घेतली असती तर अर्ध्या तासात सगळं उघडं पडलं असतं. पण माझ्या अंगात आलं होतं.

"नाचता येईना अंगण वाकडं," मी म्हणलं. "डोळे गेलेत तुझे. दिसत नाय तर घरी बस, लोकांचे जीव कशाला घेतो?"

त्यांना मी तोवर कधी 'अरे-तुरे' केलं नव्हतं. मिस्त्रींनी कपातला उरलेला चहा तसाच ठेवला आणि उठून शेडकडं गेले. मी घरी येऊन आशाबाईला सगळं शौर्यानं सांगितलं. ती म्हणाली, दोरी तर तुम्हीच धरली होती ना? मी तिच्यावरही ओरडलो.

गुढीपाडव्याच्या आठवड्यात मी गाडी चिकलठाण्याला बद्रीनाथकडं नेली. तो टायरची अलाइनमेंट करतो, चासीचंही जाणतो. त्यानं खाली सरकून माप घेतलं, कोनाकोनी सहा सुतांचा फरक सांगितला. मग ब्रॅकेटची दोन भोकं मोजली आणि मला बाहेर बोलावलं. म्हणला, दादा, दोन भोकांमध्ये जेवढं अंतर, तेवढाच चासीत फरक. माप घेताना ह्या टोकाला कोण होतं? त्यानं बाहेरच्या भोकावर धरलीय दोरी.

मी म्हणलं, होता कुणीतरी.

बद्रीनाथनं वेल्डिंग कापून, पट्टी होती तिथं परत सरकवून, चासी पक्की केली. दोन दिवसांचं काम. गाडी लोण्यासारखी सरळ चालायला लागली. येताना उस्मानपुरा वाटेतच होता. मी सिग्नलवर डावीकडं वळायचं ते सरळ निघून आलो.

त्या दिवशी का वळलो नाही, असं आशाबाई विचारते. काय सांगू? आधी म्हणलं, अद्रकीचा सीझन आहे, उरकला की जाऊ. मग पेरण्या आल्या. मग वाटायला लागलं, इतके दिवस झाले, आता गेलो तर ते विचारतील, इतके दिवस कुठं होतात. जितका उशीर केला तितकं जाणं जड झालं. आणि मार्केटमध्ये कानावर यायला लागलं की मोहियोद्दीनची नजर गेली, एका पिकअपची चासी पार वाकडी लावली, गिऱ्हाईक जात नाही आता. ही बातमी कुणी पसरवली हे मला विचारायची गरज नव्हती. मी गप्प बसून ऐकायचो. एकदा तर मान हलवून च्च केलं मी.

श्रावणात एकदा हिम्मत करून गेलो होतो. खोटं नाही सांगत. गाडी लांब लावली आणि चालत शेडपर्यंत गेलो. शेडमध्ये काम नव्हतं, वेल्डिंगवालाही नव्हता. मिस्त्री एकटेच होते. त्यांनी रिकाम्या पलंगावर दोन जुन्या पट्ट्या ठेवल्या होत्या. गुडघ्यावर बसून, हनुवटी टेकवून, डावा डोळा मिटून बघत होते. मग उठले, दोरीचं एक टोक खिळ्याला बांधलं, दुसरं स्वतः ताणून माप घेतलं, खडूनं लिहिलं. मग पट्टी मुद्दाम हलवली आणि परत बसून बघायला लागले. स्वतःच्या डोळ्याची परीक्षा घेत होते. माप बरोबर येत असणारच, पण त्यांचा त्यावर विश्वास बसत नव्हता, कारण ते पुन्हा पुन्हा तेच करत होते. मी पत्र्याच्या आडोशाला उभा होतो. दहा पावलं पुढं जायचं होतं आणि चार शब्द बोलायचे होते. आयुष्यभर ह्या तोंडानं नको ते बोललो, आणि त्या दिवशी तेच तोंड उघडलं नाही. मी परत फिरलो.

दिवाळीच्या तोंडावर आशाबाईनं मला जेवायला वाढलं नाही. म्हणाली, जाऊन या, मग वाढते. मी गेलो. शेडचं पत्र्याचं दार उघडं होतं आणि आत दोन मोटारसायकली लावलेल्या. जमिनीत दोन लांब चर, ताज्या सिमेंटनं बुजवलेले. बाजूच्या पाटेवाल्यानं सांगितलं, आठ दिवस झाले, गॅस कटर लावून रूळ कापले, भंगारवाला टेम्पोत घालून घेऊन गेला. मिस्त्री समोर उभे होते का, मी विचारलं. तो म्हणाला, कापताना नव्हते, टेम्पो निघताना आले आणि रुळावर हात ठेवून थोडा वेळ उभे राहिले.

त्यांचा मुलगा जावेद याचं शहागंजात घड्याळांचं दुकान आहे. मिस्त्री आता दिवसभर तिथंच असतात असं कळलं, म्हणून तिकडं गेलो. काउंटरच्या आत स्टुलावर बसले होते, स्वच्छ पांढरा कुर्ता घालून. हात मोकळे होते आणि ते कुठं ठेवावेत हे त्यांना कळत नसावं. मला बघून जावेदचं तोंड कडू झालं. मिस्त्री मात्र उठले, आवो भाऊ म्हणाले, गाडी कशी आहे विचारलं.

मी उभ्या उभ्याच सांगितलं. फोनचं सांगितलं, बाहेरच्या भोकाचं सांगितलं, बद्रीनाथच्या मापाचं सांगितलं. काही लपवलं नाही. म्हणलं, मिस्त्री, चूक माझी होती, तुमची नव्हती.

त्यांनी चष्मा काढून कुर्त्याला पुसला. मग हळूच विचारलं, "म्हणजे मी पहिल्यांदा लावली, ती बरोबर होती?"

"व्हय. एका सुताचाही फरक नव्हता."

त्यांनी जावेदकडं बघितलं. ऐकलंस का, म्हणाले. जावेदनं मान खाली घातली. रूळ विकायचा आग्रह त्यानंच धरला होता, अब्बांच्या काळजीनं, आणि त्याला तरी कसा दोष देणार? मिस्त्रींचे डोळे भरून आले होते, पण चेहऱ्यावर इतका आनंद होता की मला बघवेना. कित्येक महिने अंगावर ओझं वागवलेल्या माणसाचं ओझं कुणीतरी उतरवून घ्यावं तसा. आणि मग त्यांनी विचारलं,

"हे तुम्हाला कधी कळलं?"

रागानं नाही विचारलं. सहज विचारलं. गुढीपाडव्याला, एवढंच सांगायचं होतं. एक शब्द. पण समोर जावेद उभा होता, आणि आठ दिवसांपूर्वी कापलेले रूळ माझ्या डोळ्यासमोर होते.

"काल," मी म्हणलं. "कालच बद्रीनाथनं माप घेतलं."

मिस्त्रींनी बोटांवर हिशेब केला. "रूळ तर आठ दिवस आधीच गेले. मग तुमचा काय कसूर, भाऊ? तुम्ही तरी काय करणार होतात? नशिबाची गोष्ट." त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "काल कळलं अन् आज आलात. लई मोठी गोष्ट आहे ही." आणि जावेदला म्हणाले, भाऊसाठी चहा सांग, मलई मारून.

घरी आल्यावर आशाबाईनं ताट वाढलं. बोललात का, विचारलं. बोललो, म्हणलं. सगळं? मी जेवायला लागलो. तिला कळलं. तिला माझं सगळं कळतं. तेव्हापासून ती त्या विषयावर काही विचारत नाही, आणि ते विचारण्यापेक्षा वाईट आहे.

मी तिला म्हणतो, आता खरं सांगून रूळ काय परत येणार आहेत? बैल गेला अन् झोपा केला. म्हातारा सुखात आहे, कशाला त्याला त्रास द्यायचा? माझं हे म्हणणं मला पटतं, दिवसा तर अगदी पटतं. पण हे मी त्यांच्यासाठी करत नाही, हेही मला माहीत आहे.

शहागंजातून माझं जाणं-येणं असतं. चुकवून जावं म्हणलं तरी ते दुकानातून हाक मारतात, बसवतात, चहा पाजतात. गिऱ्हाईक समोर असलं तर त्याला माझी ओळख करून देतात. हे रामकिसनभाऊ. आपली गलती कळली अन् दुसऱ्या दिवशी माझ्याकडं आले, खुलताबादवरून. असा माणूस आजकाल बघायला मिळत नाय. गिऱ्हाईक माझ्याकडं आदरानं बघतं.

मागच्या बुधवारी दुकानात त्यांची नात होती, मंतशा, कॉलेजात शिकते. मिस्त्रींनी तिला पुढं बोलावलं. बेटा, मी सांगतो ना, ते हेच चाचा, म्हणाले. पोरीनं ओढणी नीट केली आणि मला वाकून सलाम केला. मी हात वर करून तिला आशीर्वाद दिला. मग चहा आला, तो प्यालो, आणि गाडी घेऊन घरी आलो.